फुल्ल की फूल? गोंधळात टाकणारे इंग्रजी शब्द शिकायला सुरुवात करताना

संध्याकाळच्या वर्गात पहिल्या दिवशी मी फळ्यावर एकच शब्द लिहिते: बी-यू-आर-वाय. अर्थ, पुरणे. वाचा म्हटलं की ‘बरी’, ‘बुरी’, ‘ब्युरी’ अशी उत्तरं येतात. खरा उच्चार ‘बेरी’, स्ट्रॉबेरीतला. गेल्या वर्षी कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेले एक काका हे ऐकून जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग शाळेत मार खाल्ला तो उगाचच की हो.”

उगाचच. त्यांनी समोरची अक्षरं नीट वाचली होती. या शब्दाचा उच्चार आला इंग्लंडमधल्या केंट भागाच्या बोलीतून आणि स्पेलिंग राहिलं दुसऱ्याच बोलीचं. असे शब्द इंग्रजीत ढिगाने आहेत. अक्षरं २६, ध्वनी साधारण ४४, आणि शब्द दहा ठिकाणांहून आलेले. मराठी माध्यमातून शिकलेला माणूस इथे अडखळतो तो बाराखडीने लावलेल्या एका चांगल्या सवयीमुळे. जे लिहिलंय तेच तो वाचतो.

खरं तर आपणही सगळं लिहिलं तसं बोलत नाही. ‘चार माणसं’ आणि ‘गाईला चारा’ यातले दोन च वेगळे आहेत. ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ म्हणतो. हे कुठल्या पुस्तकातून शिकलात? घरात ऐकूनच ना? इंग्रजी शब्दही तसाच, कानाने घ्यायचा. म्हणून या लेखातला क्रम शाळेच्या उलट आहे: आधी कान, मग तोंड, मग स्पेलिंग आणि शेवटी अर्थ.

पायरी १: उच्चाराची वही

एक शंभर पानी वही घ्या आणि पानाचे तीन रकाने पाडा. पहिल्यात इंग्रजी स्पेलिंग, दुसऱ्यात देवनागरीत उच्चार, तिसऱ्यात त्या शब्दाचं इंग्रजी वाक्य. हे वाक्य तुमच्या घरचं, कामावरचं, रोजच्या प्रवासातलं असावं. पुस्तकातून उतरवलेलं वाक्य चार दिवसांत विसरतं.

देवनागरीत उच्चार लिहिण्याची लाज बाळगू नका. बेट आणि बॅट, बोल आणि बॉल हा फरक आपली लिपी एका खुणेत दाखवते. रोमन अक्षरांना ते नेहमी साधत नाही. एकच नियम कडक पाळा: उच्चार कानाने ऐकल्याशिवाय दुसऱ्या रकान्यात काही लिहायचं नाही. मोबाइलवरच्या कुठल्याही चांगल्या शब्दकोशात शब्दाशेजारी आवाजाचं चिन्ह असतं. तीनदा ऐका, दोनदा मोठ्याने म्हणा, मग लिहा. आणि शब्दाच्या ज्या भागावर जोर येतो त्याखाली रेघ मारा.

ही रेघ फार महत्त्वाची आहे. मराठीत आपण शब्दाचे सगळे भाग जवळजवळ सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत जोर हलला की शब्दच बदलतो. डी-ई-एस-ई-आर-टी घ्या. पहिल्या भागावर जोर दिला तर ‘डेझर्ट’, म्हणजे वाळवंट. दुसऱ्या भागावर दिला तर ‘डिझर्ट’, म्हणजे सोडून जाणं. जेवणानंतरच्या गोड पदार्थाच्या स्पेलिंगमध्ये एस दोनदा येतो आणि त्याचा उच्चारही ‘डिझर्ट’, जोर दुसऱ्या भागावर. आपल्याकडे मेन्यूकार्डातलं गोडाचं पान बहुतेकजण ‘डेझर्ट’ असं वाचतात, म्हणजे ऐकणाऱ्याला वाळवंट ऐकू येतं.

अशा दुहेरी शब्दांच्या एका मोठ्या गटाला सोपा नियम लागतो: नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ ही नोंद, ‘रिकॉर्ड’ म्हणजे नोंदवणं. ‘प्रेझंट’ ही भेटवस्तू, ‘प्रिझेंट’ म्हणजे सादर करणं. सगळे शब्द यात बसत नाहीत, पण सुरुवातीला हा नियम हाताशी असलेला बरा.

पायरी २: तोंड वळवणं

शुद्धलेखनाचा एक नियम आठवा. शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ: मीठ, तूप, वीज, फूल, कठीण. हा नियम नुसता कागदावरचा नाही, आपलं तोंडच तसं वळतं. त्यामुळे इंग्रजी शब्दातला ऱ्हस्व स्वरही आपण नकळत ताणतो. ‘टँक इज फुल’ म्हणायचं असतं आणि तोंडातून ‘फूल’ निघतं. भरलेल्या टाकीला मूर्ख म्हटल्यासारखं होतं. तसंच ‘शिप’ची ‘शीप’ होते, जहाजाची मेंढी. ‘पुल’, म्हणजे ओढा, याचा ‘पूल’ होतो, पोहायचा तलाव.

याच्यावरचा उपाय आपल्या नाटकवाल्यांनी कधीच शोधलाय. जाहिरातीत ते ‘हाऊसफुल्ल’ लिहितात, ल ला ल जोडून. जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व राहतो, जसा कुस्ती, शिस्त, पुष्कळ यांत. ‘झाकण फिट्ट बसलं’ म्हणतो तेव्हाही आपण हेच करतो. वर्गात मी ही युक्ती सरळ वापरते: शिप्प, पुल्ल, सिट्ट, फुट्ट असं जोडाक्षर करून आठवडाभर म्हणायचं आणि मग शेवटचा जोर हळूहळू सोडून द्यायचा. स्वर ऱ्हस्व राहतो. एका परिचारिका ताईंना ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’, म्हणजे राहणं आणि सोडणं, यातला फरक दोन महिने ऐकूच येत नव्हता. ‘लिव्व्ह’ असं म्हणायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मला थांबवून स्वतःची चूक दुरुस्त केली.

इंग्रजी स्पेलिंगही नेमकं हेच करतं. रात्रीच्या जेवणाच्या ‘डिनर’मध्ये एन दोनदा येतो, म्हणून आधीचा स्वर आखूड. एकच एन ठेवला तर शब्द ‘डायनर’ होतो, म्हणजे जेवायला आलेला माणूस. आशा करणं या अर्थाच्या ‘होपिंग’मध्ये पी एकदा, एका पायावर उड्या मारणं या अर्थाच्या ‘हॉपिंग’मध्ये दोनदा. ‘रायटिंग’मध्ये टी एक, ‘रिटन’मध्ये दोन. एक अक्षर की दोन, असा प्रश्न पडला की आधीच्या स्वराकडे कान लावा. पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.

आता व. मराठीत व एकच, इंग्रजीत दोन. डब्ल्यूसाठी ओठांचा चंबू करा, शिट्टी मारताना करतो तसा, आणि दात कुठेही लागू देऊ नका. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवा आणि आवाज काढा, ओठ गुदगुल्या झाल्यासारखा थरथरतो. ‘वेट’ म्हणजे ओला, ‘व्हेट’ म्हणजे जनावरांचा डॉक्टर. ‘वाइन’ बाटलीत, ‘व्हाइन’ म्हणजे तिचा वेल. व्हीसाठी आपण ‘व्ह’ लिहितो ही चांगली खूण आहे. फक्त तो म्हणताना त्यातला ह उच्चारायचा नाही. आरशासमोर रोज पाच मिनिटं केलं तरी पुरे, कारण ही चूक डोळ्याला दिसते.

झेडसाठी ‘माझा’मधला झ चालत नाही, त्याच्या सुरुवातीला द ची एक ठोकर असते. लांब ‘स्स्स’ म्हणा आणि मध्येच गळा घुमवा. भुंग्यासारखा जो आवाज येतो तो झेड. गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर कळते. ‘प्राइस’ ही किंमत, इथे गळा शांत. ‘प्राइझ’ हे बक्षीस, इथे गळा घुमतो.

पायरी ३: मुकी अक्षरं

के-एन-ओ-डब्ल्यू, जाणणे. यातला के कुणी म्हणत नाही, मग तो लिहायचा कशाला? एके काळी म्हणत होते म्हणून. गुडघ्याच्या शब्दातही के मुका आहे, पण जर्मनमध्ये गुडघ्याला अजून ‘क्नी’ म्हणतात, के स्पष्ट उच्चारून. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की ‘नो’मधला हा के आणि आपल्या ‘ज्ञान’मधला ज ही एकाच प्राचीन मुळाची दोन रूपं आहेत. इंग्रजीतला गुडघा आणि ‘आजानुबाहू’मधला जानु हेही तसेच सख्खे. वर्गात हे एकदा सांगितलं की पुन्हा कुणी तिथे के विसरत नाही.

रात्रीच्या ‘नाइट’मधल्या जी-एचचंही तसंच. तिथे पूर्वी ख सारखा घशातला आवाज होता. जर्मनमध्ये तो ‘नाख्ट’मध्ये टिकला, संस्कृतात त्याचा भाऊबंद ‘नक्त’. इंग्रजीत तो आवाज काही शब्दांतून गळून गेला आणि काहींत त्याचा फ झाला. म्हणून ओ-यू-जी-एच असलेले शब्द असे वाटेल तसे वागतात: ‘रफ’, ‘कॉफ’ म्हणजे खोकला, ‘दो’ म्हणजे जरी, ‘थ्रू’, ‘थॉट’, ‘बाउ’ म्हणजे फांदी. इथे नियम शोधण्यात वेळ घालवू नका. एकेक शब्द वाक्यासकट वहीत घ्या.

पण लिहिणं मागे का राहिलं? विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढे छापील स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. तोंडातले दीर्घ स्वर मात्र साधारण १४०० ते १७०० या काळात सरकत राहिले. एन-ए-एम-ई हा शब्द पूर्वी जवळजवळ आपल्या ‘नाम’सारखा म्हणायचे, शेवटी एक हलका अ लावून. पुढे त्याचा ‘नेम’ झाला, स्पेलिंग जिथल्या तिथे राहिलं. म्हणजे इंग्रजी स्पेलिंग हे पुष्कळदा जुन्या उच्चाराचं छायाचित्र असतं.

काही अक्षरं तर कधीच उच्चारली जात नव्हती, विद्वानांनी मागाहून घातली. कर्ज या अर्थाचा शब्द फ्रेंचमधून बी शिवाय आला होता. त्याचं लॅटिन मूळ ‘डेबिटम’ दिसावं म्हणून त्यात बी बसवला. उच्चार आजही ‘डेट’, आणि तारखेचा ‘डेऽट’ जरा लांब. शंकेच्या ‘डाउट’मधला बी असाच लॅटिनसाठी आला. बेटाच्या ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ चुकीने शिरला, दुसऱ्याच एका शब्दाशी नातं आहे असं समजून. बँकेत किंवा पतसंस्थेत काम करणाऱ्यांनी ‘डेट’ आणि ‘रिसीट’ हे दोन शब्द आजच वहीत घ्यावेत. पावतीच्या ‘रिसीट’मधला पी मुका आहे.

घराण्याने शिकण्यासारखी आणखी थोडी: शेवटी एम-बी आलं की बी मुका, जसा ‘थम’ म्हणजे अंगठा, ‘कोम’ म्हणजे कंगवा, ‘क्लाइम’ म्हणजे चढणे. ‘बॉम्ब’ मराठीत खुशाल म्हणा, तो आता आपला शब्द आहे. इंग्रजी वाक्यात ‘बॉम’. डब्ल्यू-आर आलं की डब्ल्यू मुका: ‘राइट’, ‘राँग’. ‘वॉक’, ‘टॉक’, ‘हाफ’, ‘काम’ यांत एल मुका. यातला शेवटचा शब्द म्हणजे शांत. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ यांत एच मुका, म्हणून त्यांच्या आधी ‘अ’ न लावता ‘ॲन’ लावतात. हा नियम कान ठरवतो, अक्षर नाही.

सी-एचचा उच्चार मात्र शब्दाच्या माहेरावरून ओळखा. इंग्रजीचा जुना घरचा शब्द असेल तर बहुधा च: ‘चाइल्ड’, ‘चीज’. ग्रीकमधून आला असेल तर क: ‘केमिस्ट’, ‘स्कूल’, ‘कोरस’. फ्रेंचमधून अलीकडे आला असेल तर श: ‘शेफ’, ‘मशीन’.

पायरी ४: शब्दाचं शेपूट

भूतकाळाचं ई-डी दिसलं की आपण ‘आस्केड’, ‘वॉकेड’ म्हणतो. त्याचे उच्चार तीन, आणि व्याकरणात अघोष-घोष व्यंजनं शिकला असाल तर ते दहा मिनिटांत जमतील. शब्द क, प, स, श, च, फ अशा अघोष, म्हणजे गळा न घुमणाऱ्या, ध्वनीवर संपला तर ‘ट’: आस्क्ट, वॉक्ट, वॉश्ट. घोष ध्वनीवर किंवा स्वरावर संपला तर ‘ड’: कॉल्ड, प्लेड. मुळातच ट किंवा ड वर संपला तर ‘इड’: वाँटिड, नीडिड. ‘वाक्’ला ‘ईश’ जोडताना क चा ग होतो तो ज्या कारणाने, त्याच कारणाने हेही होतं: शेजारचा आवाज आपल्याला ओढून घेतो. अनेकवचनाच्या एसलाही हेच लावा, ‘कॅट्स’मध्ये स, ‘डॉग्झ’मध्ये झ.

पायरी ५: सारखे दिसणारे

जोड्यांच्या लांबलचक याद्या पाठ करू नका. यादीत दोन शब्द शेजारी शेजारी असतात आणि डोक्यात ते आणखीच चिकटतात. आधी एक पक्का करा, आठवड्याने दुसरा घ्या.

‘लूझ’ आणि ‘लूस’ बघा. सैल कपड्याला मराठीत आपण ‘लूज’ म्हणतो, पण इंग्रजीत सैल म्हणजे ‘लूस’, दोन ओ आणि स चा उच्चार. एका ओचं ‘लूझ’ म्हणजे हरवणं, हरणं. आपल्या तोंडी बसलेला आवाज भलत्याच शब्दाचा आहे, म्हणून स्पेलिंगही हमखास उलटं लिहिलं जातं.

सल्ला हा ‘ॲडव्हाइस’, सीने. सल्ला देणं हे ‘ॲडव्हाइझ’, एसने. इथे फरक कानाला कळतो, म्हणून ही जोडी आधी पक्की करा आणि तिच्याच आधारावर ‘प्रॅक्टिस’ लिहा, जिथे फरक ऐकू येत नाही: आपण वापरतो त्या ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. वह्या-पेनांच्या ‘स्टेशनरी’त शेवटी ई-आर-वाय, ‘एन्व्हलप’चा ई लक्षात ठेवा. ए-आर-वाय असेल तर अर्थ स्थिर, जागेवर उभं असलेलं. आय-टी-एसमध्ये वरचा स्वल्पविराम तेव्हाच, जेव्हा वाक्यात ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ म्हणून बघता येतं. आणि मेलमध्ये ‘क्वायट’, म्हणजे शांत, आणि ‘क्वाइट’, म्हणजे बऱ्यापैकी, हे पाठवण्याआधी एकदा बोटाने तपासा. दोन्ही स्पेलिंग बरोबर असल्याने मशीन चूक दाखवेलच असं नाही.

पायरी ६: मराठीत एक, इंग्रजीत दोन

या चुका शब्दकोशात सापडत नाहीत, कारण शब्द बरोबर असतो आणि अर्थ चुकतो. सगळ्यात महाग पडतो तो आपला ‘पर्यंत’. चाकणच्या एका कंपनीतला मुलगा माझ्याकडे यायचा. त्याने परदेशातल्या साहेबांना लिहिलं, ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ त्याला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत अहवाल देतो. वाक्याचा अर्थ झाला, शुक्रवार येईपर्यंत अहवाल पाठवत राहीन. मंगळवारी विचारणा आली, आजचा अहवाल कुठे आहे?

मराठीत दोन्हीला ‘पर्यंत’ चालतं, इंग्रजीत चालत नाही. काम एकदाच होणार आहे आणि ही त्याची शेवटची मुदत आहे, तिथे ‘बाय’. काम किंवा स्थिती सलग चालू राहणार आहे, तिथे ‘टिल’ किंवा ‘अनटिल’. स्वतःला विचारा: वाक्यात ‘उशिरात उशिरा’ घालता येतं का? येत असेल तर ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत देतो’ जमतं. ‘उशिरात उशिरा सहापर्यंत दुकान उघडं असतं’ जमत नाही, म्हणून तिथे ‘टिल’.

पैसे ‘उसने’ आपण देतोही आणि घेतोही. इंग्रजीत देणं ‘लेंड’, घेणं ‘बॉरो’, आणि उलटं झालं तर व्यवहार उलटा समजतो. ‘ऐकणे’ कानावर पडलं तर ‘हिअर’, लक्ष देऊन ऐकलं तर ‘लिसन’. ‘पाय दुखतो’ हे डॉक्टरला सांगताना घोट्याच्या खाली दुखत असेल तर ‘फूट’, वर असेल तर ‘लेग’. ‘फूट’ म्हणताना तोच ‘फुट्ट’ आठवा, स्वर आखूड आहे. वर्गात हात वर करून ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो, तेव्हा आपल्याला प्रश्न विचारायचा असतो. भारताबाहेरच्या माणसाला मात्र आपण त्याच्या बोलण्यावर संशय घेतोय असं वाटू शकतं. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. आणि पुण्या-मुंबईत चहा-मिसळीच्या जागेला आपण ‘हॉटेल’ म्हणतो, तो शब्द लंडनमध्ये विचारलात तर मुक्कामाची जागा दाखवतील.

पहिला पंधरवडा रोज पाच शब्द, त्याहून जास्त नकोत. त्यातले तीन तुमच्या कामावरचे घ्या, दोन रस्त्यावरच्या पाट्यांवरचे. पंधराव्या दिवशी घरातल्या कुणाला तरी वही द्या, दुसरा रकाना झाकून पहिला वाचायला लावा असं सांगा, मग पहिला झाकून दुसऱ्यावरून स्पेलिंग लिहा. जे अडतील त्यांना लाल खूण करून ते वहीच्या शेवटच्या पानावर पुन्हा लिहा, आणि सोळाव्या दिवशी नवे शब्द न घेता त्या पानापासून सुरू करा.